तुमच्यात चालतं

माणूस एकोणीस वर्षं रोज एकच कालवण रांधतो, त्यावर घर बांधतो, दोन मुलींची लग्नं करून देतो, आणि त्या कालवणाची चव काय असते हे त्याला ठाऊक नसतं. आता बोला! महाडात हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी इनायतला वेड्यात काढलं असतं. म्हणून त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचा, दुबईला मच्छीच्या हॉटेलात होतो. ते खोटं नव्हतं, पण धड खरंही नव्हतं.

दुबईच्या खाडीकाठी एका मोठ्या हॉटेलच्या तळमजल्यावर ते रेस्टॉरंट होतं. मालक लगाल. त्याला फ्रेंच म्हटलेलं खपायचं नाही. मी ब्रतान्यचा, म्हणायचा, समुद्रकाठचा. आपल्याकडे कोकणातल्या माणसाला घाटावरचा म्हटलं की कसा राग येतो, तसा त्याला यायचा. त्याच्या मुलखात लोत नावाचा मासा मिळतो. तोंड असं भयानक की उंबऱ्याच्या आत कुणी घेणार नाही, पण शेपटाकडचं मांस घट्ट, पांढरं, बिनकाट्याचं. त्याचे तुकडे पिठात घोळवून लोण्यात परतायचे, वर ब्रँडी ओतून काडी लावायची. भडका विझला की मासा बाजूला काढायचा आणि त्याच भांड्यात कांदा, लसूण, टोमॅटो घालून अर्धी बाटली पांढरी वाईन आटवायची. त्या रश्श्यात मासा परत सोडायचा. लोत आ लार्मोरिकेन. अर्धं गिऱ्हाईक त्याला अमेरिकन डिश समजायचं आणि लगाल भटारखान्यात येऊन आदळआपट करायचा, की आर्मोर हे आमच्या मुलखाचं जुनं नाव आहे, गाढवांनो, यात अमेरिकेचं काय आलं!

या लोतवर इनायतचा हात बसला. असा बसला की लगालनं रश्श्याची सगळी भांडीच त्याच्या ताब्यात दिली. आता आली का पंचाईत. दारू ओतणं वेगळं आणि दारू पिणं वेगळं, असं इनायतनं मनाशी ठरवून टाकलं. कुठल्या मौलवीला विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं. ओतताना तोंड घट्ट मिटायचं, नंतर कोपरापर्यंत हात धुवायचे, जिभेला थेंब लागू द्यायचा नाही. एवढं पाळलं की झालं, आपण नामानिराळे.

पण चाखल्याशिवाय कालवण होत नाही. पहिली दोन वर्षं भटारखान्यातल्या कुणाकुणाला चाखायला लावून भागवलं, मग भिकाजी आला.

भिकाजी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळीच्या रस्त्यावरच्या बौद्धवाडीतला. त्याचा बाप कोंडाजी इनायतच्या वडिलांच्या ट्रकांवर हमाली करायचा. कोंडाजीनं एकदा त्यांच्या दुकानाच्या पायरीशी उभं राहून पोरासाठी शब्द टाकला, आणि इनायतनं त्याला भांडी घासायच्या कामावर दुबईला नेलं. चोवीस वर्षांचा पोरगा, काटक, बोलायला कमी. दुसऱ्याच दिवशी इनायतनं पळी भरून त्याच्यापुढे धरली आणि म्हणाला, चाख रे भिका.

भिकाजीनं वास घेतला. "भाय, यात दारू हाय ना?"

"हाय. तुमच्यात चालतं."

इनायत हे वाईट बोलला नव्हता. समजुतीनं बोलला होता, उलट. भिकाजीनं एकदा पळीकडे बघितलं, एकदा ज्यानं व्हिसा काढून दिला त्या माणसाकडे, आणि तोंड उघडलं. मग जरा वेळानं म्हणाला, मीठ कमी हाय. आणि खरंच कमी होतं.

काय जीभ होती त्याची! डोळे मिटून घ्यायचा, पळीभर रस्सा तोंडात फिरवायचा आणि नेमकं सांगायचा. टोमॅटो कच्चा हाय. आंबट चढलंय, लोणी घाला. आणि सगळं जमून आलं की एकच शब्द, बसलं. भिकाजीनं बसलं म्हटल्याशिवाय इनायतच्या हातचं भांडं बाहेर जात नसे. दिवसाला दोन जेवणं, जेवणाला पाच-सात भांडी, भांड्याला तीन-तीन पळ्या. चौदा वर्षं.

पहिल्या वर्षी नुसती पळी होती. मग बाटलीच्या तळाशी उरलेलं. मग बाटली. इनायतला दिसत होतं. आंधळा थोडाच होता तो? पण जीभ अजून शाबूत होती, आणि कामाच्या माणसाला कोण दुखावतो. शेवटी एका दुपारी भिकाजी भरलेल्या पातेल्यासकट आडवा झाला. लगालनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, याच्या हातात पहिल्यांदा कुणी दिली? इनायत मूग गिळून उभा राहिला. भिकाजीनं त्याच्याकडे बघितलं आणि तोही काही बोलला नाही. आठवड्यात त्याला परत पाठवलं. इनायतनं चाखायला दुसरा माणूस ठेवला.

इनायत तीन वर्षांनी कायमचा परत आला, बायकोला, खतीजाला घेऊन हज करून आला, आणि महाडात हाजीसाहेब झाला. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर त्याला भिकाजी दोनदा दिसला. दोन्ही वेळा हातभट्टीचा भपकारा येत होता. दोन्ही वेळा भिकाजीनं हात कपाळाला लावून "भाय" म्हटलं, आणि दोन्ही वेळा इनायतला एकाएकी घाई झाली.

तर त्या भिकाजीच्या मुलीचा, आम्रपालीचा, यंदा ऑक्टोबरात फोन आला. ती पोलादपूरला शाळेत शिकवते. बाबांना मुंबईहून घरी आणलंय, म्हणाली. लिव्हर संपलंय, पोटात पाणी भरतंय, डॉक्टरांनी हात टेकले. चार दिवस, फार तर आठ. बाबांची एक इच्छा आहे. इनायतकाकांनी यावं आणि आमच्या अंगणात तो लोतचा मासा करावा. दारू घालून, तसाच.

"'तसाच' हे त्यांनी दोनदा सांगायला सांगितलंय, काका," ती म्हणाली.

इनायतनं फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. लाज वाटावी असं बरं वाटलं. भिकानं आपल्याला बोलावलंय. म्हणजे भिकाच्या मनात राग नाही. गेली बारा वर्षं त्याच्या छातीवर जे धोंड्यासारखं बसलं होतं ते उतरवायची ही एकच संधी होती, आणि ती आठ दिवसांत संपणार होती. मासा करायचा, आपल्या हातानं त्याला भरवायचा, आणि भिकानं फक्त एवढं म्हणायचं, जाऊ द्या भाय. तीन शब्द. तेवढ्यासाठी इनायत काय वाटेल ते करायला तयार होता.

काय वाटेल ते म्हणजे आधी वाईन आणायची होती. महाडात शक्यच नव्हतं. हाजीसाहेब दारूच्या दुकानाच्या पायरीवर दिसले असते तर संध्याकाळच्या नमाजाआधी गावभर झालं असतं. म्हणून तो गाडी काढून बिरवाडीला गेला. तिथे कारखान्यातली परमुलखातली माणसं राहतात, कोण कुणाला ओळखतं. दुकानापासून लांब गाडी लावली, डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. टोपी काढल्यावर डोक्याला वारा लागला, आणि त्या वाऱ्यानं त्याला जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात वाटली नव्हती. दुकानदारानं पांढरी वाईन म्हटल्यावर दोनदा विचारलं. मग मागच्या फळीवरून धुळीनं माखलेली बाटली काढून, फडक्यानं पुसून दिली. ब्रँडीची चपटी बाटली मात्र लगेच मिळाली. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टोमॅटोखाली घातल्या आणि इनायत घरी आला.

चोरी पचायची नव्हती. खतीजानं टोमॅटो काढायला पिशवी उलटी केली आणि बाटल्या ओट्यावर आल्या.

मग सांगणं भागच होतं. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं, लगाल, लोत, वाईन, एकोणीस वर्षं. खतीजा ओरडली नाही, रडलीही नाही. ज्या पैशांनी हज केली ते कसले, हेही तिनं विचारलं नाही, आणि ते ती विचारील अशी त्याला सगळ्यात जास्त भीती होती. तो सारखा एकच सांगत होता, की मी कधी चाखली नाही, अल्लाची शपथ, थेंब तोंडाला लागू दिला नाही.

"तुमी नाय चाखली," खतीजा म्हणाली. "मंग कोणी चाखली?"

इनायतनं नाव सांगितलं. खतीजानं ते नाव ऐकलं आणि ती पदरानं ओटा पुसू लागली, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माळ्यावरचा जुना जर्मनचा टोप काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, यात करा, आणि हा परत घरात आणू नका.

मासळी बाजारात लोत कुठला मिळायला! पण घोळ मिळाली, ताजी. शेपटाकडचा तुकडा तासून घेतला. तेच घट्ट पांढरं मांस. काटा आणि कोलंबीची टरफलं उकळून पाणी काढायला बरोबर घेतली. तिकडे लगाल एक वाळकी पानं घालायचा, त्यांचा वास आपल्या ओव्याच्या पानांच्या जवळ जातो, म्हणून कुंडीतली चार पानं तोडली. लोणी, तमालपत्र, तिखट, सगळं भरून इनायत निघाला. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागला तेव्हा भात पिवळं पडायला लागलेलं होतं, आणि त्याच्या मनात एकच घोकणं चाललं होतं. भिकाला काय म्हणायचं, कसं म्हणायचं, आधी माफी मागायची की आधी भरवायचं.

काशीबाई, भिकाजीची बायको, अंगणाच्या टोकाला उभी होती. तिनं या बसा म्हटलं, पाणी दिलं. तिच्या तोंडावरून काही कळेना. इनायत सवयीनं घराकडे वळला तशी ती म्हणाली, आत नाय, हितं. फणसाखाली तीन दगड मांडून चूल केलेली होती, लाकडं फोडून ठेवली होती. घरची पळीसुद्धा तिनं दिली नाही. इनायतनं आपलीच आणली होती, नशीब.

आणि पडवीत खाटेवर भिकाजी. इनायतनं त्याला बघितलं. हातपाय काटक्या, पोट तेवढं टम्म वर आलेलं, डोळ्यांत हळद कालवल्यासारखा पिवळा रंग. पन्नाशीचा माणूस, सत्तरीचा दिसत होता. खाट अशी लावली होती की चूल नीट दिसावी. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली बापाचा, कोंडाजीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या सदऱ्यातला.

"आलात भाय," भिकाजी म्हणाला. आवाज तोच होता. बाकी काही राहिलं नव्हतं.

आधी मासा करू, मग बोलू, असं इनायतनं स्वतःला समजावलं आणि चूल पेटवली.

हात विसरले नव्हते. काट्याचं पाणी एका बाजूला उकळायला ठेवलं. तुकडे फडक्यानं कोरडे केले, पिठात घोळवले, पीठ झटकलं. टोपात तेल आणि लोणी तापलं, तुकडे पडले आणि चर्र झालं. सगळ्या बाजूंनी सोनेरी झाल्यावर ब्रँडी ओतली आणि चुलीतली काटकी पुढे केली. निळा भडका फणसाच्या खालच्या फांदीपर्यंत गेला. शेजारच्या पडवीतल्या दोन बाया उठून उभ्या राहिल्या.

भिकाजी खाटेवरून हसला. "लय वतली. लगाल असता तर कान पिळला असता."

इनायतही हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले, पण धूर होता, कुणाला काय कळतंय. मासा काढून ठेवला, कांदा टाकला, लसूण ठेचून टाकला. भिकाजी पडल्या पडल्या सांगू लागला, अजून होऊ द्या, लाल नको, नुसता मऊ. टोमॅटो पडले. बूच फिरवून वाईन ओतली तेव्हा तो आंबूस, गोडसर वास अंगणभर झाला. इनायतचं तोंड आपोआप घट्ट मिटलं. काशीबाई पायरीवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. जाळ कमी केला, काट्याचं पाणी गाळून घातलं, ओव्याची पानं, तमालपत्र, तिखट. रस्सा आटत आला, दाट झाला, कडेला तेल सुटलं. भिकाजी मध्येच लगालची नक्कल करून दाखवत होता, अमेरिकेच्या नावानं तो कसा टोप्या फेकायचा ते. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात इनायतला वाटलं, सगळं झालं, सगळं निभावलं. माफी मागायचीसुद्धा गरज पडायची नाही. बघा ना, माणूस हसतोय.

मासा परत रश्श्यात सोडला, चार उकळ्या आल्या. इनायतनं पळी भरली, फुंकर घातली, खालच्या बाजूनं तळवा धरला आणि पडवीच्या पायऱ्या चढला. शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघाले.

"चाख रे भिका."

पळी भिकाजीच्या ओठांशी आली. ओठ उघडले नाहीत. इनायतला वाटलं, त्राण नाही, म्हणून त्यानं दुसरा हात मानेखाली घातला. भिकाजीनं मान बाजूला केली.

"मी सोडली भाय," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. विहारात जाऊन परत पाचवं शील घेतलं. आता नाय लावायची तोंडाला. मरताना तरी नाय."

इनायत पळी धरून उभा. मग मला कशाला बोलावलंस, हे त्याला विचारायचं होतं, पण विचारायची गरज राहिली नाही.

"आज तुमी चाखा," भिकाजी म्हणाला. "एकच पळी. मला बघू द्या."

पायरीवरची काशीबाई उठून उभी राहिली होती. आता इनायतला कळलं, की ती सकाळपासून कशाची वाट बघतेय. तिला सगळं ठाऊक होतं. मासा भिकाजीसाठी कधी नव्हताच.

एक पळी. काय होतं एका पळीत? चौदा वर्षांच्या पळ्या एका बाजूला आणि ही एक. इनायतनं पळी उचलली, खोटं कशाला बोला, खरोखर उचलली. हनुवटीपर्यंत आणली. वास नाकात शिरला. भिकाजीचे पिवळे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते. जो माणूस हे मागत होता त्याला इनायतनं मारलं होतं, आणि हे इनायतला पुरतं ठाऊक होतं. तरीही हात तिथून वर जाईना. रस्सा पळीतून सांडून त्याच्या सदऱ्यावर पडला.

"भिका," तो म्हणाला, "आमच्यात चालत नाय रे."

बोलून गेला आणि मग त्याला ते ऐकू आलं.

"आमच्यात बी चालत नव्हतं, भाय," भिकाजी म्हणाला. "तुमी इचारलंच नाय."

अंगणात टोप नुसता रटरटत होता. इनायतची नजर भिंतीवर गेली, कोंडाजीच्या फोटोवर. या कोंडाजीनं वाडीतल्या हातभट्टीची मडकी पहारीनं फोडली होती. स्वतः दीक्षा घेतलेला माणूस, दारूचा थेंब वर्ज्य. ट्रक भरून झाल्यावर बाकीचे हमाल गुत्त्यावर जायचे आणि हा पायरीवर पोथी वाचत बसायचा. इनायतचे वडील दुकानात त्याची थट्टा करायचे, हा हमाल आहे की भिक्खू. इनायत तेव्हा तिथेच असायचा. त्याला हे ठाऊक होतं. पळी पुढे केली त्या दिवशीही ठाऊक होतं, आणि तरी ते त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण शील-बिल हे आपल्यासारख्यांचं असतं, हमालाच्या पोराला कसलं आलंय.

त्यानं पळी खाली ठेवली. माझं चुकलं रे, म्हणाला, माफ कर. दोनदा म्हणाला. भिकाजीनं डोळे मिटले आणि हळूहळू, फार कष्टानं, भिंतीकडे कूस वळवली. जाऊ द्या, एवढंसुद्धा तो म्हणाला नाही.

शेवटी काशीबाई म्हणाली, "जावा तुमी आता. आन् ते घेऊन जावा."

गरम टोप फडक्यात धरून त्यानं गाडीत ठेवला. त्या घरात नको, या घरात नको. पोलादपूरच्या अलीकडे एका वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि सगळं गटारात ओतलं, घोळीचे ते सुरेख तुकडे, तो दाट लाल रस्सा. टोप तिथेच दगडावर उपडा घातला. मग बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, जुन्या सवयीनं कोपरापर्यंत. तोंड धुवायला पाणी घेतलं आणि टाकून दिलं. तोंडाला काही लागलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भिकाजी गेला. आम्रपालीनं फोनवर एवढंच सांगितलं. इनायत मातीला गेला नाही. छातीत दुखतंय म्हणून पडून राहिला, आणि खरंच दुखत होतं. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी खतीजानं त्याचे कपडे काढून ठेवले आणि दारात उभी राहिली, तेव्हा जावंच लागलं.

अंगणात मांडव घातला होता, बरोबर फणसापर्यंत. तीन दगड कुणीतरी उचलून कुंपणाला लावले होते, जमीन तेवढी काळी दिसत होती. वंदना झाली, दोघे-तिघे बोलायला उठले. त्यातल्या एकानं इनायतकडे हात केला आणि सांगितलं, की हमालाच्या पोराला दुबई दाखवणारे हे हाजीसाहेब, असा मोठ्या मनाचा माणूस आज कुठे मिळतो. माणसं वळून बघू लागली. इनायतनं मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, बघा कसा विनयी आहे.

मग पंगत बसली. इनायत निघायच्या बेतात होता, पण कुणीतरी हाताला धरून त्याला बसवलं. काशीबाई ताट घेऊन त्याच्यापाशी आली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. परक्या घरचा माणूस जेवायला बसला की त्याला विचारतात, तसं तिनं विचारलं.

"वरण-भात हाय, वालाची उसळ हाय. तुमच्यात चालतं ना, भाय?"

काशीबाई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. तो काही बोलेपर्यंत तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं नाही.